खोलीचा आवाज

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये लीफ ब्लोअर सुरू होतात. पाठीवर यंत्र बांधलेली माणसं अंगणात गळलेली पानं फुंकरीने रस्त्याच्या कडेला ढकलतात आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर त्यातली निम्मी परत अंगणात येतात. या कामाचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण तो घरघराट कानावर आला की माझा उजवा हात अजूनही वर जाऊ बघतो. हातात लांब दांडी आहे, दांडीच्या टोकाला केसाळ कव्हरातला माइक आहे, आणि मोराग मान हलवून म्हणते आहे, "थांबू या. पानवाला आला."

तिच्या फिल्मचं निम्मं शूटिंग असं पानवाल्यांची वाट बघण्यात गेलं. यंत्र बंद होईपर्यंत ती पायऱ्यांवर बसून काळा, कडक चहा प्यायची. घाई तिने कधी केली नाही. घाई करायची असती तर तीसेक वर्षं शॉर्ट फिल्मच करत कोण राहिलं असतं!

मोराग स्कॉटलंडची. समुद्राकाठच्या एका मासेमारीच्या गावात वाढलेली. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली, माझ्यासारखीच. माझे वडील बुलढाण्याकडच्या एका तालुक्याच्या गावात शाळेत शिपाई होते, तिची आई मासे साफ करण्याच्या कारखान्यात. तिने केलेली पहिली फिल्म त्या कारखान्यातल्या बायकांवर होती. पाळी सुटल्यावर त्या बसमध्ये बसतात आणि अंगाला मासळीचा वास येतो म्हणून त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते. बस भरते, माणसं उभी राहतात, पण ती जागा रिकामीच. फिल्ममध्ये एवढंच आहे. एकही संवाद नाही. मोरागने ती आम्हाला वर्गात दाखवली तेव्हा बाकीचे कॅमेऱ्याबद्दल विचारत होते. मला काही विचारायचं नव्हतं. शेजारची जागा रिकामी राहणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या फिल्मला बक्षीस मिळालं, मोरागचं नाव झालं. तिच्या आईने मात्र ती बघितली आणि म्हणाली, "माझ्या वासाची फिल्म केलीस होय!" त्यानंतर आईने लेकीची एकही फिल्म पाहिली नाही. मोराग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आली, लग्न झालं, मोडलं, एका कॉलेजात तासांवर शिकवत राहिली, आणि दर एक-दोन वर्षांनी एक शॉर्ट फिल्म करत राहिली. महोत्सवांत जायची, टाळ्या घ्यायची, परत यायची. प्रत्येक ठिकाणी तिला एकच प्रश्न: पूर्ण लांबीचा सिनेमा कधी? आमच्या गावात कुणी मास्तर झाला की लोक विचारत, हेडमास्तर कधी होणार? वर्गात मुलं काय शिकली हे कुणी विचारत नसे. मोराग हसून म्हणायची, "माझी गोष्ट बारा मिनिटांची आहे, मी काय करू?" लोकांना तो विनोद वाटायचा.

तिच्या वर्गाला मी गेलो ते सिनेमासाठी नव्हेच. इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम. मीटिंगमध्ये माझं इंग्रजी गावाकडचं वाटतं अशी मला धास्ती. कुणीतरी म्हणालं, लायब्ररीत शनिवारी एक ब्रिटिश बाई फुकट वर्ग घेते. मला वाटलं, उच्चार सुधारतील. पहिल्या दिवशी तिचं एक वाक्य मला धड कळलं नाही. तिचा 'र' आमच्या मावशीसारखा खणखणीत, आणि होकाराला ती 'आय' म्हणायची. दत्ताकाकांनी मला कोपराने ढोसून विचारलं, "ही सारखी आईला का हाक मारतीये रे?"

दत्ताकाका त्या वर्गातले सगळ्यात वयस्कर. पुण्याला वीज खात्यात आयुष्य काढलेलं, आता मुलाकडे कायमचे आलेले. आदल्या वर्षी काकू गेल्या. घराबाहेर पडतच नाहीत म्हणून सूनबाईंनी त्यांचं नाव लायब्ररीच्या जे असेल त्या वर्गात घालून टाकलं होतं. योगाचा वर्ग भरला होता, सिनेमाचा रिकामा होता.

एका शनिवारी मोरागने प्रत्येकाला घरातली एक गोष्ट सांगायला सांगितली. काकांनी स्मोक अलार्मची सांगितली. इथे घराघरांत छताला, धूर झाला की ओरडणारे ते पांढरे डबे असतात. बॅटरी संपत आली की डबा मधूनमधून एकदाच 'चिक्' करतो आणि गप्प बसतो. कुठला डबा ते कळत नाही, कारण तुम्ही कान टवकारून उभे राहिलात की तो काही बोलत नाही. काका त्या दिवशी खुर्ची घेऊन दुपारभर या खोलीतून त्या खोलीत फिरले. "वीज खात्यात एवढी वर्षं काढली आणि एका चिमूटभर बॅटरीने मला नाचवलं," ते म्हणाले. वर्ग खूप हसला. मोराग हसली नाही. तिने विचारलं, "सापडल्यावर काय झालं?"

काका म्हणाले, "काय होणार? बॅटरी काढली. बंद झालं."

"आणि मग?"

काका म्हणाले, "मग काहीच नाही. मग फारच शांत झालं."

फिल्म तिथेच ठरली.

शूटिंग काकांच्याच घरात. कलाकार काका, माइकची दांडी माझ्या हातात, कॅमेऱ्यामागे स्वतः मोराग. पहिल्या दिवशी काका केसांना काळाभोर कलप लावून आणि नवा स्वेटर घालून तयार. मोराग त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कलप उतरेपर्यंत आपण हातांचं शूटिंग करू." तो आठवडाभर तिने काकांचे नुसते हात टिपले. खुर्ची सरकवणारे, दाराच्या मुठीवरचे, डब्याचं झाकण फिरवणारे. फिल्ममधला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे आणि तो कलपामुळे झाला हे आम्हा तिघांनाच माहीत.

काका तिला आधी इंग्लिश बाई म्हणत. तिने सांगितलं, मी स्कॉटिश. काका म्हणाले, तेच ते. मोराग म्हणाली, "ठीक आहे. मग उद्यापासून मी तुम्हाला गुजराती म्हणते." काकांना ते एका फटक्यात पटलं. पुढे कुणी चुकलं की तेच दुरुस्त करायचे.

दिवसाचं काम संपलं की मोराग म्हणायची, "आता खोलीचा आवाज." त्यांच्या धंद्यातली ही रीतच आहे. जिथे शूटिंग झालं तिथली नुसती शांतता थोडा वेळ टिपून ठेवायची, कारण कुठल्याही दोन खोल्यांची शांतता सारखी नसते, आणि एडिटिंगच्या वेळी दुसऱ्या खोलीची शांतता इथे आणून चिकटवली तर कानाला लगेच कळतं. ती हात वर करायची आणि सगळ्यांनी होतो तिथे थिजून उभं राहायचं. एकदा सूनबाई दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्या कानांवर हेडफोन. त्यातून घर ऐकू यायचं. फ्रिजची गुणगुण, भिंतीतल्या जाळीतून येणारी गरम हवा, लाकडी जमिनीचं कुरकुरणं, लांबून न्यूयॉर्ककडे जाणारी गाडी.

आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की सगळे थोडा वेळ डोळे मिटून बसत. मी लहानपणी एक डोळा किलकिला करून बघायचो. दिवसभर राबून आलेली माणसं, पाय चिखलाचे, आणि चेहऱ्यांवर काहीतरी ऐकत असल्याचा भाव. ते काय ऐकतात ते मला तेव्हा कळायचं नाही. ते मला अमेरिकेत कळलं, एका स्कॉटिश बाईमुळे, कानांत हेडफोन असताना. या गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे आणि हे मी तिला नीट सांगू शकलो नाही.

शेवटच्या दिवशी मोरागने हात खाली केला तरी काका डोळे मिटून उभेच होते. आम्ही थांबलो. डोळे उघडून ते म्हणाले, "ही गेल्यापासून मी या खोलीत टीव्ही न लावता कधी उभाच राहिलो नव्हतो." मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. मोरागने मला हातानेच थांबवलं. तिला कळलं होतं.

फिल्म बारा मिनिटांची झाली. म्हातारा आवाज शोधतो, सापडतो, बॅटरी काढतो, खुर्चीवरून उतरतो. मग पडदा काळा होतो आणि सबंध शेवटचं मिनिट फक्त त्या खोलीचा आवाज. काही नाही. फ्रिज, गरम हवा, लांबची गाडी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते मिनिट संपल्यावर मी तेवढंच परत लावलं. आधीचा सगळा शोध त्या मिनिटासाठी आहे. ते काढलं तर उरतो एक गमतीदार म्हातारा आणि एक खुर्ची.

मोरागने ती पुढच्या उन्हाळ्यात मायदेशातल्या एका महोत्सवाला पाठवली, तिच्या गावापासून तासाभरावरच्या शहरात भरणाऱ्या. हिवाळ्यात पहिल्या संध्याकाळी दाखवू, असं उत्तर आलं. अट एकच, फिल्म त्याआधी कुठेही जाहीर दाखवलेली नसावी, नेटवरही नाही. पण मोरागला आनंद झाला तो वेगळाच. तिच्या बहिणीने आईला सांगितलं होतं की या वेळी गोष्ट स्मोक अलार्मची आहे. आई नव्वदीला टेकलेली, एकटी राहणारी, तिच्याही छताला तो डबा. ती म्हणाली, मी येईन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बहिणीने फोटो पाठवला: म्हातारी नवा निळा कोट घालून, किमतीची चिठ्ठी अजून बाहीला लटकलेली. तो फोटो मोरागने मला आणि काकांना दोनदोनदा दाखवला. काकांनी चष्मा वर करून फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "मोरागबाई, आईंना पुढच्या रांगेत बसवा. मागून दिसत नाही."

आभार म्हणून तिने काकांना फिल्मची लिंक पाठवली. खाजगी, पासवर्ड लावलेली. फक्त तुमच्यासाठी, असं लिहून.

आता इथे कुणाला दोष देऊ? आपल्याकडे 'फक्त तुमच्यासाठी' असं काही नसतंच. लाडू आले तर ते शेजारी जातात. काकांनी लिंक इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी शिल्पाताईंना दिली. दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी बघावी, एवढ्याच भावनेने. मोरागला म्हणाले, दिवाळीचं जेवण आहे, यायलाच हवं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता त्यांना.

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. बाहेर मसाले दूध, आत लहान मुलांची नाटुकली. मोराग हिरवा ड्रेस घालून आली होती, कानांत ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून घेतलेली झुमकी. तिला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, हातात नारळ दिला. शिल्पाताईंनी माइकवर सांगितलं की इंग्लंडच्या सुप्रसिद्ध दिग्दर्शिका आज आपल्यात आहेत. पहिल्या रांगेतून काका ओरडले, "स्कॉटलंड!" लोक हसले. मोरागही हसली. मग दिवे गेले आणि पडद्यावर काकांचे हात आले.

मला वाटतं तिला पहिल्या क्षणीच सगळं समजलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली होती, मांडीवर नारळ, दोन्ही हातांनी धरलेला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोक खूप हसत होते, काकांना नावाने हाका मारत होते. काकांनी बॅटरी काढली, खुर्चीवरून उतरले, पडदा काळा झाला आणि बासरी सुरू झाली.

बासरी! मागून तबला आला. काळ्या पडद्यावर पणत्या फिरू लागल्या आणि प्रायोजकांची नावं वर सरकू लागली. किराणा दुकान, दाताचे डॉक्टर, घरं विकून देणारे एजंट. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिल्पाताई वाकून मला म्हणाल्या, "शेवटी आवाजच नव्हता रे, काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम होता. आमच्या मुलांनी ते मिनिट कापून छान म्युझिक टाकलं. सांग बाईंना."

पार्किंगमध्ये मोरागने एकच विचारलं, "नेटवर आहे?" मी फोन काढला. मंडळाच्या चॅनेलवर सकाळपासून होती. काकांच्या पुण्यातल्या सगळ्या ग्रुपांवर पोचली होती.

मी शिल्पाताईंना फोन केला, महोत्सवाची अट समजावून सांगितली, फिल्म लगेच उतरवा म्हणालो. त्या दुखावल्या. म्हणाल्या, "आपण तिला एवढं प्रमोट केलं, सत्कार केला, आणि तू कंप्लेंट करतोस? तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत अन्यायच दिसतो." तुम्हा लोकांना. हे दोन शब्द मी गावच्या एसटी स्टँडवर सोडून विमानात बसलो होतो असा माझा समज होता. मी फोन ठेवला. फिल्म त्यांनी उतरवली, आणि पुढच्या दिवाळीला, आता काय हरकत आहे म्हणून, परत चढवली.

महोत्सवाला मोरागने स्वतःच कळवलं. मी तिला म्हणालो, मराठी मंडळाचं चॅनेल आहे, तिकडे कोण बघतंय, नका सांगू. ती म्हणाली, "मी बघितलंय ना." त्यांचं उत्तर सभ्य होतं, खेद व्यक्त करणारं. त्या जागी दुसरी फिल्म घेतली.

मग तिने मला शपथ घातली म्हटलं तरी चालेल. काकांना यातलं काही कळता कामा नये. "त्याने स्वतःला पहिल्यांदा एवढं मोठं पाहिलंय," ती म्हणाली. "ते त्याच्याकडे राहू दे." माझ्या मनात तेव्हा आलं, आणि आजही येतं, की प्रत्येक वेळी सोसायचं ते हिनेच का? जिने बसमधली रिकामी जागा बघितली तिनेच? पण जिचं जळलं ती गप्प, तर मी कोण बोलणारा?

शेवट त्याहून वाईट आहे. बहिणीने आईला फिल्म दाखवली, फोनवर, चॅनेलवरून उतरायच्या आधीच तिने घेऊन ठेवलेली, ती बासरीचीच. म्हातारीने ती दोनदा लावायला सांगितली. मग मोरागला फोन करून म्हणाली, "छान आहे गं. शेवटचं संगीत तर फारच छान. एकदाचं तुला कळलं लोकांना काय आवडतं." मोरागने मला हे सांगितलं तेव्हा ती हसायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, "मी काय म्हणणार? मी थँक यू म्हणाले." हिवाळा संपता संपता आई गेली. निळा कोट घालूनच पुरली, असं मोराग म्हणाली.

पुढच्या वर्षी कॉलेजने तिला तास दिले नाहीत. ती पेनसिल्व्हेनियात गेली. आता ती विकायला काढलेल्या घरांच्या फिल्म करते. एजंट तिला रिकाम्या घरात सोडतात, ती स्वयंपाकघर, बाथरूम, बेसमेंट टिपते. मिनिटभराची फिल्म, खाली आनंदी संगीत घालून. माणसं नकोत, असं त्यांनी बजावलेलं असतं. मागे फोनवर मी विचारलं, नवीन काही? म्हणाली, "आय. चार बेडरूमचं, नवं छप्पर."

या ऑक्टोबरात काकांचा फोन आला. "मिलिंद, तो चिक् परत सुरू झालाय. मला आता खुर्चीवर चढू देत नाहीत. येतोस का?" मी दुपारी गेलो. घरात ते एकटेच. केस आता खरे पांढरे. वरच्या खोलीतला डबा होता, मी बॅटरी बदलली. खाली आलो तर त्यांनी चहा करून ठेवला होता आणि टीव्हीवर फिल्म लावली होती. आल्यागेल्याला ते दाखवतातच. मी बसलो. सुटका नव्हती.

हात आले, खुर्ची आली. काका स्वतःला बघून जागोजागी हसत होते. बॅटरी निघाली, पडदा काळा झाला, बासरीचा पहिला सूर लागला, आणि काकांनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"इथे मी नेहमी बंद करतो," ते म्हणाले. "इथे आपण सगळे गप्प उभे होतो ना रे. ते कापलं त्या मुलांनी. शिल्पाला मी बोललो होतो, पण जाऊ दे, पोरं हौशी आहेत."

पडद्यावर पणत्या मुक्याने फिरत होत्या. त्याच खोलीत तोच फ्रिज गुणगुणत होता. जाळीतून गरम हवा येत होती. लांब गाडी गेली. पानवालाही नव्हता. माझ्या कानांवर हेडफोन नव्हते एवढाच फरक. काका डोळे मिटून बसले होते.

मग त्यांनी विचारलं, "मोरागबाईंच्या आईंनी पाहिली ना शेवटी? तिकडे, थिएटरात?"

मी कप खाली ठेवला.

"पाहिली काका."

"पुढच्या रांगेतून?"

"हो."

"मग झालं," काका म्हणाले, आणि त्यांनी आवाज पुन्हा सुरू केला. बासरी संपत आली होती. दाताच्या डॉक्टरांचं नाव वर सरकत होतं.